गावाला शेवटची गाडी किती वाजता?

जेलमध्ये नवा माणूस आला की त्याला सगळे एकच विचारतात, काय केलंस? दारावरचा शिपाई विचारतो, बराकीतले जुने विचारतात, आणि कलम समोरच्या कागदावर ठळक छापलेलं असताना मीही विचारायची. शिपायांवरचे सुभेदार मगदूम एकटेच असे होते की हा प्रश्न त्यांच्या तोंडी कधी आला नाही. ते माणसाला एकदा वरपासून खालपर्यंत बघायचे आणि दणदणीत आवाजात म्हणायचे, "गाव कुठलं? गावाला शेवटची गाडी किती वाजता हाय?"

समोरचा बावचळायचा. जन्मठेप घेऊन आलेल्या माणसाला एसटीची वेळ विचारणं मला तेव्हा शुद्ध दुष्टपणा वाटला होता. मी नवीनच बदलून आले होते. लिपिकाची खुर्ची, सुटकेचे कागद तयार करायचं काम आणि सरकारी नोकरीत मुरलेली कडू जीभ, एवढा माझा सरंजाम. मी विचारलंच, "सुभेदार, जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्या तुम्हाला तोंडपाठ. मग त्याला कशाला विचारता?"

"मला न्हाय, आक्का, त्येला पाठ पायजे," ते म्हणाले. "परत जायाचं हाय ही आठवण ऱ्हायला नगो व्हय?"

चन्नाप्पा मगदूम मूळचे गडहिंग्लजकडचे. उंच, हडकुळे, कपाळावर विभूतीची पुसट पट्टी, खाकीला अशी इस्त्री की घडीनं बोट कापावं. घरात कन्नड, बाहेर मराठी. संध्याकाळी बराकी बंद करताना कैद्यांची मोजणी मोठ्यानं मराठीत करायचे आणि मनातली पडताळणी ओठ हलवत कन्नडात. दोन्ही जुळल्याशिवाय कुलूप लागत नसे. त्यांचा मोठा दोष म्हणजे आवाज. कुजबुजणं हा प्रकार देवानं त्यांना दिलाच नव्हता. एकदा साहेबांची बदली होणार ही गुप्त बातमी त्यांनी माझ्या कानात सांगितली, तर पलीकडच्या बराकीतून कुणीतरी विचारलं, "कुठं होणार म्हनं?"

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं ते गाडीवरूनच. माणसाची शिक्षा कधी संपणार हे महिनाभर आधी ठाऊक असतं. तरी मी त्या दिवशी सकाळी फाईल उघडायची, दुपारी टिपणी लिहायची, साडेपाचला सही घ्यायची आणि माणूस सातच्या सुमाराला फाटकाबाहेर पडायचा. त्याला कारण काही नव्हतं. आधीच्या लिपिकाची तशी पद्धत होती, ती मी खुर्चीबरोबर घेतली होती.

एक दिवस सुभेदार टेबलापाशी आले. "आक्का, ह्यो मानूस चंदगडच्या बाजूचा. सात वाजता भाईर काढला तर जाणार कुठं?"

"सुभेदार, माझं काम कागदाचं. तो कुठं जातो ते माझ्या टेबलावर येत नाही."

"स्टँडवर झोपंल," ते म्हणाले. "सकाळपातुर तिथं त्येला कोणतरी वळखीचं भेटंल. आणि जे भेटंल ते चांगलं नसंल."

मी ऐकलं नाही. तर पुढच्या सुटकेच्या दिवशी हे गृहस्थ सकाळी दहाला आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. टोपी गुडघ्यावर, नजर माझ्या फायलीवर. एक शब्द नाही. मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. मी जेवायला उठले, ते बसूनच. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस गप्प बसला की किती त्रास होतो हे मला त्या दिवशी कळलं. असं दोनदा झालं, तिसऱ्या खेपेला मी हात टेकले आणि आदल्या दिवशीच कागद तयार ठेवला. माणूस अकराला बाहेर पडला. सुभेदार उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "बगा, येतंय की तुमाला." राग आला होता, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घरी जाताना मला बरंही वाटलं. पुढे साहेबांनी तोच नियम करून टाकला.

असा त्यांचा खाक्या होता. भेटीला आलेल्या बायका उन्हात उभ्या राहतात म्हणून पत्र्याच्या शेडसाठी त्यांनी सात अर्ज केले, सातही माझ्याकडून लिहून घेतले. शेड झालं तर म्हणाले, आता बाकडी. बाकडी आली तर म्हणाले, पाणी. कुणी कौतुक केलं की त्यांना कसंतरीच व्हायचं. "त्यात काय? कैद्याच्या आईनं काय गुन्हा केलाय?" म्हणायचे आणि चालू लागायचे.

पण त्यांचं खरं काम जेलच्या बाहेर होतं आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एखाद्याची सुटका जवळ आली की साप्ताहिक सुट्टीला ते साध्या कपड्यात, हातात डझनभर केळी घेऊन त्याच्या गावी जायचे. घरात बसायचे, चहा घ्यायचे, पोरांची नावं विचारायचे. एखाद्या पोरीसाठी स्थळ बघायला जावं तसं सगळं. त्यातून त्यांना एकच काढायचं असायचं, की ह्याला न्यायला फाटकावर कोण येणार. "आत टाकायला पोलिस लागतोय, वकील लागतोय, जज लागतोय," ते म्हणायचे. "भाईर न्यायला एक पावणा मिळंना, म्हंजे काय?"

सुभेदार फेटा बांधून घेत नसत. आमच्या कोल्हापुरात ही साधी गोष्ट नाही. इथे वाढदिवस असो, निवडणूक असो की नव्या ट्रॅक्टरची पूजा, माणसाला धरून फेटा बांधतात. सुभेदार मात्र फेटेवाला दिसला की सरळ उठून जायचे. मला वाटायचं, नाटक. कारण कळलं ते फार उशिरा, एका रिकाम्या दुपारी, त्यांनीच सांगितलं म्हणून.

पेठ वडगावजवळच्या एका गावचा माणूस होता. भांडणात शेजाऱ्याच्या मृत्यूला कारण झालेला. सुभेदारांनी त्याच्या घरी चार खेपा घातल्या, पुतण्यांना तयार केलं, आणि सुटकेच्या दिवशी स्वतः त्याला गावापर्यंत सोडायला गेले. पुतण्यांचा उत्साह ओसंडून चालला होता. चौकात हा एवढा फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड, त्यावर काकांचा गॉगल लावलेला जुना फोटो, खाली चाळीस जणांची नावं. हलगी लागली, गुलाल उडाला. काकांना फेटा बांधला आणि काकांना आणणाऱ्या सुभेदारांनाही बांधला. तेवढ्यात त्या मेलेल्या माणसाची बायको दुधाची किटली घेऊन डेअरीकडे चालली होती. ती बोर्डाकडे बघत राहिली. मग किटली खाली ठेवून बोर्डाखाली रस्त्यातच बसली. बोर्ड उतरवेपर्यंत उठली नाही.

"आणि माझ्या डोक्यावर फेटा हुता, आक्का," सुभेदार म्हणाले. "ती माझ्याकडं बघत हुती. मी चार खेपा गेलतो त्या गावाला. तिच्या घरावरनं चार येळा गेलतो. एकदा बी आत गेलो न्हाय."

तो माणूस आठ दिवसही गावात टिकला नाही. कुणी त्याच्याशी बोलेना, डेअरीच्या रांगेत त्याच्याजवळ कुणी उभं राहीना. तो कुठेतरी यंत्रमागावर कामाला गेला, तिथे प्यायला लागला आणि वर्षाच्या आत दुसऱ्या गुन्ह्यात परत आमच्याकडे आला. सुभेदारांनी त्याला फाटकात बघितलं तेव्हा त्याला गाडीची वेळ विचारली नाही. तेव्हापासून त्यांचा क्रम ठरला. कैद्याच्या घरी नंतर, ज्या घरातला माणूस गेला त्या घरी आधी. आणि तिथे केळी न्यायची नाहीत. "तिथं काय न्यायचं असतंय? रिकाम्या हातानंच जायचं," ते म्हणाले.

डेअरीच्या रांगेचं एवढं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं होतं, मी शाहूपुरीत पिशवीचं दूध घेणारी. पण आमच्या जिल्ह्यातल्या गावात सकाळ-संध्याकाळ डेअरीपुढे जी रांग लागते तिथेच सगळं गाव भेटतं. सोयरिकी तिथे ठरतात, निवडणुकांचे निकाल तिथे फिरतात, भावकीतले अबोलेही तिथे दिसतात. सुभेदार म्हणायचे, माणूस सुटून आला की आधी नुसता घरात येतो, डेअरीच्या रांगेत उभा राहिला म्हणजे गावात आला. जेलच्या शेतीचं आणि गोठ्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला ते हट्टानं गोठ्यात घ्यायचे, ते ह्यासाठी.

त्या गोठ्यात बाळू होता. गडहिंग्लजच्या पुढच्या एका गावचा. सामाईक विहिरीवर मोटरीच्या पाळीवरून चुलतभावाशी, शिवाशी, जुंपली, हातात खोरं होतं, आणि एका घावात शिवा गेला. बाळूनं स्वतःच पोलिसांना फोन लावला. पंधरा वर्षांत त्यानं एकदाही रजेवर घर बघितलं नव्हतं. अर्ज केला की पोलिसांचा अहवाल यायचा, गावात शांततेला बाधा येईल. मी आल्यापासून दरवेळी तो नकाराचा कागद मीच त्याच्या हातात दिला होता. त्याची आई म्हैस सांभाळून एकटी राहत होती, आणि भिंतीपलीकडे शिवाची आई, गंगव्वा. सख्ख्या जावा. पंधरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

बाळूच्या सुटकेला वर्ष राहिलं आणि सुभेदारांच्या निवृत्तीला अकरा महिने. मला म्हणाले, "कागदावर गाव नगो म्हणतंय. पर गावाला इचारलंय कुणी?"

पहिल्या खेपेला गंगव्वानं त्यांना पाणीही दिलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी न देणं म्हणजे काय, हे सांगायला नको. दुसऱ्या खेपेला तांब्या ठेवला, बोलली नाही. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. का गेले ते आजही नीट सांगता येणार नाही. टेबलापलीकडे काय होतं ते बघावंसं वाटलं, एवढंच.

गंगव्वा अंगणात वाळलेल्या मिरच्यांचा ढीग घेऊन देठं खुडत बसली होती. बारीक अंगाची, ताठ. सुभेदारांना बघून म्हणाली, "कुडरी." बसा. तिच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. आम्ही जमिनीवरच बसलो.

"अव्वा, बाळू सुटतोय. उन्हाळ्यात."

"सुटू दे की. कायदा हाय."

"त्येला हितंच यायचं हाय. आई हाय, म्हस हाय."

ती देठं खुडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तुमाला समद्या गाड्या पाठ हायत म्हनं. माजा शिवा कुठल्या गाडीनं येणार, सुभेदार?"

मला वाटलं, आता उठावं. सुभेदारांनी मांडी बदलली. "त्येची गाडी न्हाय, अव्वा," ते म्हणाले. "मी माफी मागायला आलो न्हाय. ती बाळूनं मागायची, आणि द्यायची का न्हाय ते तुमी ठरवायचं. मी इचारायला आलोय. तुमी नगो म्हणला तर तो ह्या गावात येणार न्हाय. मी दुसरीकडं त्येची सोय लावतो. पर तुमाला न इचारता आणणार न्हाय."

तिनं ढिगातल्या आणखी मूठभर मिरच्या पुढ्यात ओढल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी ती म्हणाली, "मिरची हाय ती, पदर लावा नाकाला." मग सुभेदारांकडे वळून म्हणाली, "कोर्टानं इचारलं न्हाय. पोलिस लिवून घेऊन गेलं, त्येनी बी इचारलं न्हाय. पंधरा वर्सांत तुमीच पयलं इचारताय."

आणि तिनं तिच्या अटी सांगितल्या. हलगी नको, बोर्ड नको. माझ्या दारावरनं त्यानं जायचं नाही, मागच्या बोळानं जायचं. डेअरीला सकाळी मी जाते, त्यानं संध्याकाळी जायचं. संध्याकाळचं माझं दूध शेजारीण नेते, ती नेईल. मला त्याचं तोंड दिसता कामा नये. सुभेदारांनी एकेक अट मान हलवून घेतली आणि शेवटी म्हणाले, "व्हय." बाहेर ठेवलेली केळी त्यानंतर भिंतीपलीकडे बाळूच्या आईकडे गेली.

गोठ्यात बाळूला हे सांगितलं तेव्हा तो म्हशीला पाणी मारत होता. सगळं ऐकून घेतलं. "बोळानं जाईन. सांच्यालाच दूध घालीन," म्हणाला. मग बादली खाली ठेवून, "पर सुभेदार, रांगंत माझ्या मागं उभं ऱ्हाईल का कोण?"

"ऱ्हाईल की."

"कोण?"

"बगू," सुभेदार म्हणाले. त्यांना असं अडकलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि वडगावच्या माणसाची गोष्ट आम्हा दोघांनाही आठवत होती.

निवृत्तीच्या दिवशी साहेब स्वतः फेटा घेऊन उभे राहिले. सुभेदारांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि टेबलावर ठेवून दिला. भाषण करा म्हटलं तर उभे राहिले आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बाळूचा कागद सकाळच्याला."

महिन्यानं बाळू सुटला. कागद मी साडेनऊलाच तयार ठेवला होता. फाटकाबाहेर पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेला एक माणूस उभा होता. खाकीशिवाय सुभेदार ओळखू येईनात, बाळू त्यांच्यावरून दोन पावलं पुढे गेला. मग तो परिचित आवाज आला, "ए, कुठं चाललास? साडेधाची गाडी हाय, चल." दोघं चालत स्टँडच्या दिशेनं गेले. फाटकावर मी उभी होते. माझं काम खरं तर तिथे संपत होतं, पण त्या दिवशी ते संपल्यासारखं वाटलं नाही.

चार महिन्यांनी गडहिंग्लजला एका लग्नाला गेले होते. दुपारी जेवणं आटोपली आणि मी रिक्षा करून बाळूच्या गावी गेले. डेअरीपुढे संध्याकाळची रांग लागत होती. मी पलीकडच्या पारावर बसले. रांगेत बाळू होता, खाली मान घालून, हातात कॅन. आणि त्याच्या अगदी पाठीला लागून, हातात दीड लिटरची किटली घेऊन, सुभेदार.

मला बघून रांग न सोडता तिथूनच ओरडले, "आक्का! कवा आलासा?" सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली.

हळूहळू कळलं. बाळू पहिले आठ दिवस रांगेत उभा राहिला तेव्हा त्याच्या मागे चार हात जागा मोकळी असायची. कुणी वाईट बोललं नाही, नुसतं लांब उभं राहायचं. सुभेदारांचं गाव तिथून एसटीनं पाऊण तासावर. त्यांच्या गावात डेअरी आहे, चांगली आहे. तरी त्या नवव्या दिवसापासून हा माणूस रोज संध्याकाळी आपल्या म्हशीचं दूध घेऊन एसटीनं ह्या गावाला येत होता. डेअरीचा सेक्रेटरी मला म्हणाला, "सभासद न्हाईत, गावचं न्हाईत, आणि वर आमालाच दुधाची फॅट मापायला शिकवत्यात. बरं, नगो म्हणावं तर आवाज बगा की." सुभेदारांच्या मागे लोक खुशाल उभे राहत होते, पण बाळूच्या लगत अजून एकटे सुभेदारच.

"लोक वाईट न्हाईत, आक्का," ते मला म्हणाले. "पयलं कुणीतरी उभं ऱ्हायला लागतंय. कुणी न्हाय म्हटल्यावर मीच ऱ्हायलो. बाळूला शब्द दिलता न्हवं." आणि मग सात वाजताची त्यांची शेवटची गाडी डेअरीपुढूनच जाते, ती पकडली की घरी, असा चार महिन्यांचा नेम.

पावणेसात झाले असतील. बोलता बोलता रांगेतल्या माना रस्त्याकडे फिरल्या. मी वळून बघितलं. गंगव्वा येत होती. हातात किटली, डोक्यावर पदर, चाल सावकाश. शेजारीण बाजारला गेली होती की आजारी होती, की काहीच नव्हतं, मला माहीत नाही आणि मी नंतरही विचारलं नाही. ती रांगेच्या शेवटाला गेली नाही. सरळ सुभेदारांपाशी येऊन थांबली.

"सुभेदार, मागं सरा की," ती म्हणाली.

सुभेदार मागं सरले. त्यांच्या मागचे सगळे एकेक पाऊल मागं सरले. गंगव्वा त्या जागेत उभी राहिली, बाळूच्या पाठीशी. बाळूनं मागं बघितलं नाही, कॅन उचलून दोन्ही हातांनी पोटाशी धरला. रांग पुढे सरकली. त्याची पाळी आली तसा तो बाजूला झाला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमी घाला आदी."

"रांग हाय," गंगव्वा म्हणाली. "तू घाल."

बाळूनं दूध घातलं. त्याच्या मागोमाग तिनं घातलं. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. सात वाजताची एसटी आली, डेअरीपुढे क्षणभर हळू झाली, कंडक्टरनं दारातून सुभेदारांकडे बघून हात केला. ते तिकडे बघतच नव्हते. गाडी निघाली.

मी पारावरून उठून त्यांच्याजवळ गेले. "अण्णा, तुमची गाडी गेली."

"जाऊ दे," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मग त्यांनी किटली उचलली आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकले.